मोरचूद: मोकळं तांबं आणि बांधलेलं तांबं

मागच्या पावसाळ्यात सकाळी सात वाजता निफाडहून मामांचा फोन आला, आणि मामा सात वाजता फोन करतात म्हणजे द्राक्षबागेत काहीतरी बिघडलंय एवढं आम्हाला आता पाठ झालंय. "भाच्या, परवा बोर्डो मारला अन् आज शेंडे करपलेत बघ. कोवळी पानं कडेनं तपकिरी. तू केमिकलवाला ना, सांग काय झालं ते." बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना पाण्यात मिसळून बुरशीसाठी फवारायचं औषध. आता मी काही मोठा केमिकलवाला नाही, अंबडला एका छोट्या प्लेटिंग शॉपमधे, म्हणजे वस्तूंवर धातूचा थर चढवतात तिथं, कामाला आहे, पण गंमत अशी की आमच्या शॉपच्या कोपऱ्यात जी निळ्या खड्यांची गोणी असते तीच गोणी मामांच्या शेडमधे औषधांच्या बाजूला असते. आम्ही तिला कॉपर सल्फेट म्हणतो, मामा मोरचूद म्हणतात. आम्हाला त्यातलं तांबं पाण्यात एकदम मोकळं पाहिजे, मामांना ते बांधून ठेवलेलं पाहिजे. त्यांच्या बागेत बांधलेलं तांबं सुटलं होतं, एवढीच भानगड.

पण हे "मोकळं" आणि "बांधलेलं" म्हणजे काय हे फोनवर सांगता येईना, म्हणून रविवारी गाडी काढून गेलो, आणि तिथं जे काय बोललो तेच इथं जरा नीट लिहितोय, कारण द्राक्ष, डाळिंब, टोमॅटोवाले सगळेच हे वापरतात आणि दहातल्या आठ जणांना "एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी" याच्या पुढचं कोणी सांगितलेलं नसतं.

आधी खडा बघा. मोरचूद म्हणजे तांबं आणि सल्फ्युरिक ॲसिड यांच्यापासून झालेलं मीठ. मीठ म्हणजे खायचं नाही बरं का, केमिस्ट्रीत ॲसिड आणि धातू मिळून जे स्फटिक होतं त्याला मीठच म्हणतात, क्षार म्हणा हवं तर. बनवायची पद्धत पण सरळ आहे, तांब्याचं भंगार, वायरचे तुकडे वगैरे घ्यायचे आणि गरम सल्फ्युरिक ॲसिडमधे हवा सोडत विरघळवायचे, हवा नसेल तर पातळ ॲसिड तांब्याला काहीच करत नाही, मग ते निळं पाणी आटवून थंड केलं की खडे धरतात. हा खडा हाताला कोरडा लागतो पण त्याच्या आत पाणी असतं, आणि थोडंथोडकं नाही. कॉपर सल्फेटच्या एका कणासोबत पाण्याचे पाच कण अडकलेले असतात, म्हणून त्याचं पूर्ण नाव कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट. हिशोब केला तर एक किलो खड्यात साधारण ३६० ग्राम पाणी, २५४ ग्राम तांबं, आणि बाकीचं सल्फेट. म्हणजे गोणीचे पैसे देताना एक तृतीयांशाहून जास्त पैसे आपण पाण्याचेच देतो, मामांना हे सांगितल्यावर ते जरा वेळ गप्पच बसले.

आणि हा निळा रंग त्या पाण्यामुळंच आहे. शाळेतल्या लॅबमधे परीक्षानळीत खडा तापवून बघितला असेल कोणी, पाणी उडून जातं आणि निळ्या खड्याची पांढरी भुकटी होते, शेवटचा कण जायला दोनशे डिग्रीच्या वर न्यावं लागतं. त्या पांढऱ्या भुकटीवर पाण्याचा एक थेंब टाका, परत निळी. म्हणूनच स्पिरिटमधे पाणी मिसळलंय का हे बघायला ही पांढरी भुकटी वापरतात. घरी गॅसवर करू नका, जास्त तापवलं तर ते मीठच फुटतं आणि घशाला झोंबणारा धूर निघतो.

आता खडा पाण्यात टाकला की काय होतं. तांबं आणि सल्फेट एकमेकांना सोडतात आणि पाण्यात वेगवेगळे फिरायला लागतात. हे जे सुटं फिरणारं तांबं आहे, विजेचा भार असलेलं, यालाच मी मोकळं तांबं म्हणतोय. पुस्तकात त्याला कॉपर आयन म्हणतात. मोरचूदचं सगळं चांगलं-वाईट काम हेच करतं. बुरशी हेच मारतं, पान हेच जाळतं, तळ्यातला मासा हेच मारतं, आणि आमच्या टँकमधे जॉबवर, म्हणजे थर द्यायच्या वस्तूवर, चढतं ते पण हेच. त्यामुळं मोरचूद किती टाकला यापेक्षा त्यातलं किती तांबं मोकळं आहे हा खरा प्रश्न आहे.

मोकळं तांबं आहे का नाही हे ओळखायचं यंत्र प्रत्येकाच्या घरी असतं, लोखंडी विळा. लोखंड हे तांब्यापेक्षा जास्त उतावळं, मोकळं तांबं दिसलं की लोखंड स्वतः पाण्यात उतरतं आणि तांब्याला बाहेर ढकलतं, ते तांबं विळ्याच्या पात्यावर लाल थर म्हणून बसतं. दहावीच्या पुस्तकातला खिळ्याचा प्रयोग तो हाच. म्हणूनच मोरचूदचं पाणी लोखंडी किंवा पत्र्याच्या ड्रममधे कधी करायचं नसतं, ड्रम पण जातो आणि तांबं पण जातं, प्लास्टिकचाच ड्रम घ्यायचा.

आणि आमच्या धंद्यात हीच गोष्ट डोकेदुखी आहे. ॲसिड कॉपरच्या बाथमधे, म्हणजे लिटरला साधारण २०० ग्राम कॉपर सल्फेट आणि वर सल्फ्युरिक ॲसिड असलेल्या टँकमधे, लोखंडाचा जॉब थेट बुडवला तर करंट चालू करायच्या आधीच तो लाल होतो. नवीन पोरगं खूश होतं, म्हणतं साहेब झालं की प्लेटिंग. मग त्याला बोटानं घासून दाखवायचं, सगळी लाली बोटाला. ती पकडून बसतच नाही, पुढं पापुद्रे सुटतात. म्हणून लोखंडावर आधी निकेलचा किंवा सायनाइड कॉपरचा पातळ थर द्यायचा आणि मगच या बाथमधे सोडायचं. नंतर मात्र हिशोब एकदम चोख असतो, एक अँपिअर करंट एक तास दिला की जास्तीत जास्त १.१९ ग्राम तांबं चढणार, शंभर अँपिअर दिला तर ११९ ग्राम, त्याच्या वर एक ग्राम नाही. जेवढं जॉबवर चढतं तेवढंच समोर लटकवलेल्या तांब्याच्या पट्टीतून, म्हणजे ॲनोडमधून, पाण्यात उतरतं, म्हणून बाथ महिनोन्‌महिने चालतो. इथं आम्हाला तांबं मोकळंच पाहिजे, बांधलं गेलं की प्लेटिंग बंद.

बागेत बरोबर उलटं आहे, आणि ते कसं सापडलं याची कथा मला भारी आवडते.

द्राक्षावरचा केवडा रोग, म्हणजे आपण ज्याला डाऊनी म्हणतो, तो मुळात अमेरिकेतला. युरोपात फायलोक्सेरा नावाच्या मुळावरच्या किडीनं बागा संपवल्या म्हणून लोकांनी अमेरिकेतून तिला तोंड देणाऱ्या वेली आणल्या आणि त्यांच्यासोबत हा केवडा आला, १८७८ मधे फ्रान्समधे पहिल्यांदा दिसला. तिथं बोर्डो शहराजवळ मेडॉक नावाचा भाग आहे, रस्त्याच्या कडेला बागा, आणि येणारे जाणारे द्राक्षं तोडून खायचे, आपल्याकडं पण काही वेगळं नाही. तर त्यांना घाबरवायला बागवाले कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडायचे, बघणाऱ्याला वाटावं विष मारलंय. १८८२ मधे बोर्डोच्या विद्यापीठातले प्रोफेसर मिलार्दे तिथून चालले होते तेव्हा त्यांना दिसलं की आतल्या ओळींची पानं केवड्यानं गळालीत आणि कडेच्या निळ्या ओळींवर पानं शाबूत. चोरासाठी केलेला उपाय रोगाला लागू पडला. मिलार्दे आणि त्यांचे केमिस्ट्रीवाले सहकारी गेयॉन यांनी त्यावर काम केलं आणि १८८५ मधे कृती जाहीर झाली. त्या पहिल्या कृतीत शंभर लिटर पाण्यात आठ किलो मोरचूद होता, आज आपण एक किलोवर आलोय आणि पावसाळा कमी असेल तर अर्ध्या किलोवर. नाव मात्र त्या गावाचंच राहिलं, आपल्याकडं पिंपळगावच्या मार्केटात बसलेला माणूस पण सहज बोर्डो बोर्डो करतो, गाव कुठं आहे ते कोणाला माहीत.

आता चुन्याचं काम. मोरचूदचं नुसतं पाणी आंबट असतं, पीएच चारच्या आसपास, आणि त्यातलं सगळं तांबं मोकळं. ते पानावर मारलं तर बुरशी मरेल पण पान पण जळेल, आणि पहिल्या पावसात सगळं धुऊन जाईल. त्यात विरवलेला चुना मिसळला की मोकळं तांबं चुन्यातल्या अल्कलीशी बांधलं जातं आणि आकाशी रंगाचा मऊ, जेलीसारखा साका तयार होतो, सोबत थोडं जिप्सम. हा साका पाण्यात विरघळत नाही, पानावर बसला की चिकटतो, वाळला की पावसाला दाद देत नाही. मग पानावर दव पडलं, पावसाचा थेंब थांबला की त्या साक्यातून अगदी जरासं तांबं सुटतं, आणि केवड्याच्या बीजाणूला उगवायला पण तोच पाण्याचा थेंब लागतो. म्हणजे बीजाणू ज्या वेळी जागा होतो बरोबर त्याच वेळी तांबं सुटतं. पानाला जाळण्याएवढं नाही, पण त्याला मारायला पुरतं. मला विचाराल तर दीडशे वर्षांत इतकं हुशार औषध कोणी ठरवून बनवलं नाही, आणि हे तर चोराच्या भीतीनं बनलं होतं.

मग मामांचं काय चुकलं? मी शेडमधे गेलो आणि चुन्याची गोणी उघडली. कळीचा चुना म्हणजे खडे पाहिजेत, टणक, दगडासारखे. यांच्या गोणीत पीठ होतं. "मामा, हा चुना कधीचा?" "अरे उन्हाळ्यात आणलेला, काय होतंय त्याला, चुनाच तर आहे." बस, तिथंच सगळं सापडलं. कळीचा चुना हवेतला ओलावा पितो आणि फुलून पीठ होतो, तिथपर्यंत ठीक, पण मग तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू परत खडूची भुकटी होतो. खडूला तांबं पटकन बांधता येत नाही. वजनाला एक किलो टाकला तरी कामाचा त्यात किती उरला होता देव जाणे. गोणी पावसाळ्यात उघड्या तोंडानं दोन महिने पडलेली, त्यामुळं दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता, मामांनी तरी दिला तो भाग वेगळा.

हिशोबानं बघितलं तर एक किलो मोरचूद पूर्ण बांधायला शुद्ध कळीचा चुना फक्त सव्वादोनशे ग्राम पुरतो. मग एक किलो का सांगतात? कारण बाजारातला चुना शुद्ध नसतो, त्यात खडे, माती, न भाजलेला दगड सगळं असतं, आणि थोडा चुना जास्त झाला तर पान जळत नाही, फक्त पांढरा थर जाड बसतो आणि तांबं सुटायला जरा उशीर होतो. कमी पडला तर मात्र थेट शेंडा जातो. चांगला ताजा चुना असेल तर अर्ध्या किलोच्या आसपासच काम होऊन जातं, म्हणून डोळे झाकून वजनावर जायचं नाही, टेस्टवर जायचं.

करायची पद्धत अशी. एका प्लास्टिकच्या ड्रममधे पन्नास लिटर पाणी आणि एक किलो मोरचूद, फडक्यात बांधून वरच्या बाजूला लटकवून ठेवायचा, तळाला टाकला तर निळं जड पाणी खालीच बसतं आणि खडा विरघळायला दिवस लागतो, वर लटकवला की निळी धार आपोआप खाली उतरत राहते आणि दोन-चार तासात काम होतं. दुसऱ्या भांड्यात चुना विरवायचा, आधी थोडंसंच पाणी, तो तडतडून गरम होतो, वाफ निघते, चेहरा लांब ठेवायचा कारण उडालेला चुना डोळ्यात गेला तर डोळाच जातो. पाणी टाकून तो तडतडलाच नाही, गारच राहिला, तर तो चुना मेलेला समजा आणि परत दुकानात जा. विरला की पाणी घालून पन्नास लिटर करायचं, गार होऊ द्यायचं, फडक्यातून गाळायचं, नाहीतर ब्लोअरचे नोझल चोक होऊन तुम्ही बागेत शिव्या देत बसाल. मग मोरचूदचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं किंवा दोन्ही धारा एकदम तिसऱ्या ड्रममधे सोडायच्या, काठीनं ढवळत. चुना मोरचूदमधे ओतायचा नाही, म्हणजे उलटं करायचं नाही, साका जाडसर होतो आणि लवकर खाली बसतो. आणि मग विळा. पाते घासून चकचकीत करायचं, दोन-तीन मिनिटं बुडवून ठेवायचं, लाल झालं तर अजून मोकळं तांबं आहे, चुन्याचं पाणी वाढवायचं. नाही झालं तर फवारा मारा. लिटमस किंवा पीएच पट्टी असेल तर सातच्या वर थोडंसं आलं पाहिजे. आणि केलेला बोर्डो त्याच दिवशी संपवायचा, रात्रभर ठेवला की तो मऊ साका दाणेदार होतो आणि पानाला चिकटत नाही. त्यात दुसरं औषध मिसळायचा मोह पण आवरा, अल्कलीत बरीच औषधं फुटून जातात.

मामांनी विळा बुडवलाच नव्हता. "पंचवीस वर्षं मारतोय, मला काय शिकवतो" हे झालं, मग उरलेल्या पिठाचा एक छोटा डबाभर बोर्डो मी त्यांच्यासमोर केला आणि विळा बुडवला, लालभडक. मामी हसायला लागल्या.

बोर्डो कधी मारायचा याबद्दल पण एक गोष्ट लक्षात घ्या, हे औषध पानाच्या वरच राहतं, आत शिरत नाही. केवडा एकदा पानाच्या आत गेला, पिवळे तेलकट डाग दिसायला लागले, की बोर्डो मारून आतला रोग बरा होत नाही, फक्त पुढं पसरायचा थोडा थांबतो. म्हणून पावसाच्या आधी मारतात, आणि मुख्य वापर उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतरच्या पावसाळी पानांवर. फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीनंतर मणी धरले की टाळतात, कारण मण्यावर निळे-पांढरे डाग राहतात आणि एक्स्पोर्टवाला तो घड हातात पण घेत नाही. मग लोक कॉपर ऑक्सिक्लोराइड, कॉपर हायड्रॉक्साइड अशी तयार पावडर घेतात, ते पण शेवटी बांधलेलं तांबंच, फक्त कंपनीनं बांधून दिलेलं. सटाणा-मालेगावकडं डाळिंबवाले तेल्या रोगासाठी हेच करतात. खोडाला लावायची बोर्डो पेस्ट म्हणजे तोच माल, फक्त शंभरऐवजी दहा लिटर पाण्यात.

बुरशीला तांब्याची सवय का होत नाही असं मामेभावानं मधेच विचारलं, प्रश्न चांगला होता. नवीन औषधं बुरशीच्या शरीरातलं एकच कुलूप अडवतात, बुरशीनं ते कुलूप जरा बदललं की औषध फेल. तांबं एका जागी थांबत नाही, आत घुसून दिसेल त्या प्रथिनाला, विशेष करून गंधक असलेल्या जागेला जाऊन चिकटतं, मग एकाच वेळी दहा कामं बंद पडतात. दहा कुलपं एकदम बदलणं बुरशीला जमत नाही.

पण हीच गोष्ट आपल्याला पण लागू आहे. आपल्या शरीराला तांबं लागतं, पण रोज एक-दोन मिलिग्राम. मोरचूद पोटात गेला तर आधी निळी-हिरवी उलटी, पोटात आग, मग रक्तातल्या लाल पेशी फुटतात, लिव्हर आणि किडनी जातात, माणूस दगावतो. कोणाच्या पोटात गेलं तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका, मीठ-पाणी पाजू नका, चूळ भरायला लावा आणि सरळ दवाखाना, सोबत गोणीची चिठ्ठी घेऊन. निळा चमकदार खडा लहान पोराला खडीसाखरेसारखा दिसतो, आणि आपल्याकडं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवायची जी घाण सवय आहे ती तर बंदच करा. आयुर्वेदात याला तुत्थ म्हणतात आणि शोधन करून वापरतात हे खरं, पण ते वैद्याचं काम, तोंड आलं म्हणून तव्यावर मोरचूद भाजून लावायचं आपलं काम नाही.

तसं मोकळ्या तांब्याशी आपल्या आज्यांची ओळख आपल्यापेक्षा जुनी आहे. जुन्या नाशकात भांडी बाजारात, तांबट लेनमधे तांब्या-पितळेची भांडी घ्यायची आणि कल्हईवाल्याकडून आतून कथलाचा हात फिरवून घ्यायचा. का, तर कल्हई गेलेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते. कळकणं म्हणजे आंबट पदार्थातलं ॲसिड तांब्याला खातं आणि तांब्याचं मीठ पदार्थात उतरतं, चव तुरट-कडू लागते, मळमळतं. मोरचूद नाही, पण त्याचं चुलत भावंडच. साधं पाणी तांब्याच्या तांब्यात ठेवलं तर काही नाही, त्यात लिंबू पिळून ठेवलं तर मात्र आजीचं ऐका.

बागेतून परत शॉपकडं येतो, कारण इथं एक मजेशीर गोष्ट आहे. जॉब टँकमधून काढून धुतात त्या पाण्यात मोकळं तांबं जातं, आणि ते पाणी तसंच नाल्यात सोडता येत नाही, बाहेर सोडायच्या पाण्यात तांबं लिटरला ३ मिलिग्रामच्या आत पाहिजे असा नियम आहे. मग आम्ही काय करतो, त्यात चुना किंवा कॉस्टिक सोडा टाकून पीएच वाढवतो, तांबं बांधलं जातं, निळसर साका खाली बसतो, तो गाळून घातक कचरा म्हणून वेगळा पाठवतो. म्हणजे मामा जे बागेसाठी बनवतात तेच आम्ही रोज संध्याकाळी टाकून द्यायला बनवतो. आणि तो ३ मिलिग्रामचा आकडा मामांना मुद्दाम सांगितला, कारण फवारणी झाल्यावर ड्रम धुऊन ते पाणी ओढ्यात सोडणारे लोक मी बघितलेत. एक किलो मोरचूदमधलं तांबं त्या मर्यादेत आणायचं तर जवळपास ८५ हजार लिटर पाणी लागेल. आणि ती मर्यादा कारखान्याच्या सांडपाण्याची, माशाला त्याच्यापेक्षा कितीतरी कमी तांबं पण झेपत नाही, त्याच्या कल्ल्यांवरच ते बसतं.

म्हणून शेततळ्याचं पण सांगून टाकतो. तळ्यात शेवाळ झालं की मोरचूदची पुरचुंडी पाण्यात फिरवायची ही आपल्याकडची सर्रास पद्धत, आणि शेवाळ मरतं पण. पण तळ्यात मासे सोडले असतील तर हात पण लावू नका, आणि शेजाऱ्यानं अमुक इतकं टाकलं म्हणून आपण पण तेवढंच टाकायचं नाही. पाण्यात खार आणि चुना जास्त असेल तर तांबं बांधलं जातं आणि तेवढ्याच मोरचूदनं शेवाळ पण मरत नाही, पाणी मऊ असेल, पावसाचं साठलेलं, तर तेवढ्याच मोरचूदमधे मासे उलटे होतात. परत तेच, किती टाकला यापेक्षा मोकळा किती राहिला. शिवाय शेवाळ एकदम मेलं की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, त्यानंही मासे जातात.

इतर ठिकाणी हा कुठं कुठं भेटतो ते ऐकून मामी चाट पडल्या. रक्तदान शिबिरात बोट टोचून रक्ताचा थेंब एका निळ्या पाण्यात सोडतात ना, ते मोरचूदचंच पाणी. त्याचं जडपण साध्या पाण्याच्या बरोबर १.०५३ पट ठेवलेलं असतं, थेंब पंधरा सेकंदात बुडाला तर हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, रक्त घेता येतं, तरंगला किंवा मधेच अडकला तर घरी जा आणि पालेभाज्या खा. ग्लुकोमीटर नव्हते तेव्हा लघवीतली साखर बघायचं निळं बेनेडिक्ट द्रावण पण यातूनच, साखर असली की गरम केल्यावर हिरवं, पिवळं, विटकरी होत जायचं. वाइनला कधी कधी सडक्या अंड्याचा वास धरतो तेव्हा वाइनवाले अगदी चिमूटभर, मिलिग्रामच्या हिशोबात, कॉपर सल्फेट टाकतात, तांबं त्या वासाच्या गंधकाला पकडून खाली बसवतं. म्हणजे वेलीवर पण तेच आणि बाटलीच्या आधी पण तेच.

एक गोष्ट मात्र मामांना आवडली नाही. तांबं हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही, उडत नाही, इतर औषधांसारखं महिन्याभरात फुटून जात नाही. जे मारलं ते पावसानं कधी ना कधी मातीत उतरतं आणि वरच्या वीतभर थरात बसून राहतं. हिशोब करा, एकराला समजा ४०० लिटर एक टक्का बोर्डो, म्हणजे चार किलो मोरचूद, म्हणजे एक किलो तांबं. वर्षात तीन फवारे म्हणजे एकरी तीन किलो, हेक्टरी साडेसात. युरोपात सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोच तांबं वापरायला परवानगी आहे, म्हणजे वर्षाला सरासरी चार, कारण तिथल्या जुन्या बागांच्या मातीत तांबं साठून गांडुळं आणि मातीतले उपयोगी जीव कमी झाले. आपल्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत ते बरंचसं बांधलेलं राहतं, त्यामुळं त्रास लवकर दिसत नाही, पण माती तपासायला देताना तांब्याचा आकडा पण मागून घ्या. "सेंद्रिय शेतीत चालतं म्हणजे चांगलंच असणार" हे मामांचं म्हणणं होतं, चालतं हे खरं, पण चालतं म्हणून कितीही चालतं असं नाही.

विकत घेताना भेसळ कशी ओळखायची हे शेवटी मामेभावानं विचारलं, त्याला दुकानदारावर अजून राग होता. मोरचूदमधे स्वस्तातला हिराकस, म्हणजे लोखंडाचं हिरवट मीठ, मिसळलेला असू शकतो. चांगला खडा गर्द निळा, हिरवी झाक नसलेला. शंका असेल तर थोडा खडा ग्लासभर पाण्यात विरघळवून त्यात अमोनियाचं पाणी भरपूर टाकायचं, शुद्ध असेल तर आधी गढूळ होऊन मग एकदम शाईसारखं स्वच्छ गडद निळं होतं, लोखंड असेल तर हिरवट-तपकिरी गाळ तसाच खाली राहतो. उघड्यावर ठेवलेल्या खड्यावर पांढरी पूड आली असेल तर घाबरायचं नाही, ते वरचं पाणी उडालंय फक्त, माल तोच आहे, उलट वजनाला तांबं थोडं जास्तच.

त्यानंतर मामांनी नवीन चुना आणला, रंगाच्या झाकणवाल्या बादलीत भरून वर प्लास्टिक बांधलं, आणि करपलेले शेंडे खुडून टाकले, मागून नवीन फुटले. शेडच्या दाराला आता एक जुना विळा सुतळीनं लटकवलेला आहे, गवत कापायला तो कोणी न्यायचा नाही अशी ताकीद आहे. आता फोन साडेसातला येतो, "लाल नाही झाला बघ, मारू ना?"